गिरणीतला होकार

सोमवारी सकाळी गव्हाचा डबा काखेत मारून मी गिरणीकडे निघाले, पण दळण हे नुसतं निमित्त होतं. मला गिरणीवाल्या भाऊजींकडून एक होकार काढायचा होता. माझा भोपळ्याचा वेल कुंपणावर मावेनासा झाला होता आणि कुंपणापलीकडे त्यांच्या घराची मागची भिंत ऐन उन्हाळ्यात मोकळी, रिकामी उभी. बघूनच माझा जीव तळमळायचा. गिरणीच्या दारात पोचते न पोचते तोच आतून आधी धूर आला, मग करपल्याचा वास आला, आणि मग पिठाने पांढरे झालेले भाऊजी खोकत खोकत बाहेर आले. मोटर जळली होती.

होकार गिरणीतच का काढायचा, तेही सांगून टाकते. उभा जन्म त्या घरघराटात काढून भाऊजींचे कान कामातून गेले होते. त्यात माणूस महाभिडस्त. "काय म्हणालात?" असं दुसऱ्यांदा विचारणं त्यांच्या जिवावर यायचं. समोरच्याचं तोंड हलायचं थांबलं की ते हसायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "हो, हो." हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्यांची शिडी एकाने नेली ती घरी परत आली नाही. एकाने स्वतःची म्हैस त्यांच्या अंगणात आणून बांधली. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असायचं, "विचारलंय त्यांना. हो म्हणालेत." आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. असं आमचं सज्जन गाव.

खुद्द त्यांच्या बायकोनेसुद्धा परसातली बाग अशीच मिळवली. वहिनीला मागचा पडका गोठा पाडून तिथे झाडं लावायची होती. घरी विचारलं असतं तर भाऊजींनी चार दिवस विचार केला असता. म्हणून ती जेवणाचा डबा घेऊन गिरणीत गेली, पट्टा जोरात फिरत असताना जे विचारायचं ते विचारलं आणि होकार घेऊन घरी आली. आज तिथे डेरेदार तुती आहे, लिंबोणी आहे, काकडीचे नि टोमॅटोचे वाफे आहेत, पुदिना तर आवरता आवरत नाही. वहिनीचा जीव त्या बागेत. दोन माणसांच्या त्या घरात बोलायला माणूस असा नव्हताच. एकाला ऐकू येत नाही आणि दुसरी किती ओरडणार?

मोटर तालुक्याला गेली. दुरुस्तीला आठवडा लागेल असा निरोप आला आणि भाऊजी घरी बसले.

"आता हे दिवसभर इथेच?" वहिनी मला कुंपणावरून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पाहुणा मुक्कामाला आल्याची कळा.

तिचं चुकत नव्हतं. उन्हाळ्यातली आमची दुपार म्हणजे आमचा खजिना. जेवणं उरकली की आम्ही तुतीखाली सतरंजी टाकायचो, घंगाळात गार पाणी भरून त्यात पाय सोडून बसायचो. बादलीत काकड्या तरंगत असायच्या. हात लांब केला, काकडी उचलली, मीठ लावलं, कचकन तोडली. वर पिकलेल्या तुती टपाटप अंगावर पडायच्या आणि खाली आम्ही गावातल्या एकेकाची पिसं काढायचो. त्यात पुरुषमाणूस कुठे बसवायचा?

पण एका दुपारीतच आमच्या ध्यानात आलं की भाऊजींची काही अडचण नाही. ते बाजेवर बसून शेंगा सोलायचे. आम्ही त्यांच्यादेखत बोलायचो, आणि मग त्यांच्याबद्दलही बोलायला लागलो.

"शिंकले तरी पीठ उडतं," वहिनी सांगायची. "उशी झटकली तर एका वेळचं भागेल एवढं निघतं."

"आणि दूध उतू गेलं तरी हलत नसतील?"

"दूध? घर वाहून गेलं तरी शेंगा सोलत बसतील."

आम्ही हसायचो. भाऊजीही आमच्याकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, "हो, हो." मग आम्ही आणखी हसायचो.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दुपारी गप्पा रंगात आलेल्या असताना भाऊजी उठले, भिंतीमागे गेले आणि परत येऊन बसले. मी सहज डोकावून बघितलं. मागचा नळ सकाळपासून ठिबकत होता, तो त्यांनी घट्ट केला होता. माझ्या घशात काकडी अडकली. नळ भिंतीआड, बाजेवरून दिसायची सोय नाही. मग यांना कळलं कसं?

वहिनी चहा टाकायला आत गेली. मी भाऊजींच्या पाठीमागे जाऊन, ओठातल्या ओठात म्हटलं, "भाऊजी, मानेवर मुंगळा आहे."

भाऊजींनी चटकन मानेवर हात मारला.

ते गर्रकन वळले. मग त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "हिला सांगू नका."

"अहो, म्हणजे ऐकू येतंय तुम्हाला?"

"परवापासून. आधी कानात नुसती शिट्टी वाजायची. गिरणी बंद पडली तशी ती कमी होत गेली, आणि पहाटे जाग आली तर कसलासा किलबिलाट. मला वाटलं मोटर आली दुरुस्त होऊन. बघतो तर चिमण्या!"

"आणि आमचं बोलणं?"

"पिठाचं ऐकलं. घर वाहून जाण्याचंही ऐकलं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ते रागावलेले दिसेनात. हातातली शेंग त्यांनी कानाशी धरून मोडली आणि लहान पोरासारखे खूश झाले. "बघा, शेंगेलासुद्धा आवाज आहे. जन्मभर सोलतोय, कधी कळलंच नाही. आणि ही झाडांना पाणी घालताना गुणगुणते, तुम्हाला माहीत होतं?"

"अख्ख्या आळीला माहीत आहे, भाऊजी."

"मलाच नव्हतं," ते म्हणाले. "हिला कळलं तर गुणगुणायची थांबेल. चार दिवस ऐकू द्या की."

मी गप्प बसले. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही अशी माझी कीर्ती आहे, तरी ही राहिली. खरं तर मला त्या माणसाची दया आली होती. संध्याकाळी वहिनी वाफ्यांना पाणी सोडायची, तापलेल्या मातीचा वास घरभर पसरायचा, आणि हा गृहस्थ पाठमोरा बसून डोळे मिटून तिचं बेसूर गाणं ऐकायचा. बायकोचं गाणं एवढं मन लावून ऐकणारा नवरा आमच्या गावात दुसरा नाही. ज्यांना ऐकू येतं, ते तर अंगणातूनही पळ काढतात.

असं सगळं गोडीत चाललेलं असताना धाकटा आला.

धाकटा म्हणजे भाऊजींचा सख्खा भाऊ. गावात त्याला गोडबोल्या म्हणतात. त्याने नवा ट्रक घेतला होता आणि ट्रक उन्हात उभा राहतो म्हणून त्याला रात्रंदिवस चैन पडत नव्हतं. आई उन्हात बसायची तेव्हा त्याला एवढं वाईट वाटल्याचं आठवत नाही. तो आला तो एकटा नाही, सोबत गवंडी आणि गावचे एक पुढारी. गवंड्याने बागेत शिरल्या शिरल्या टेप काढला आणि लिंबोणीपासून तुतीपर्यंत मापं घ्यायला लागला.

"हे काय चाललंय?" वहिनीच्या हातातली झारी तशीच राहिली.

"तुला दादाने सांगितलं नाही?" धाकटा साखर पेरत म्हणाला. "इथे ट्रकची शेड होणार. मागच्या महिन्यात गिरणीत बोलणं झालंय आमचं. दादा हो म्हणाला."

वहिनी बाजूच्या ओट्यावर मटकन बसली. भांडणार तरी कोणत्या तोंडाने? बाग तिने ज्या वाटेने आणली, त्याच वाटेने ती चालली होती.

"झाडं तोडावी लागतील," गवंडी मान खाजवत म्हणाला. "पण मी मालकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुदळ मारणार नाही. मागे असाच एकदा मार खाता खाता वाचलोय."

"ऐकवतो की! साक्षीला म्हणूनच तर यांना आणलंय," असं म्हणून धाकट्याने पुढाऱ्यांना खुर्ची दिली आणि स्वतः भाऊजींसमोर बसला. आधी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडला, "दादा, तब्येत बरी ना?"

"हो, हो," भाऊजी शेंगा सोलत म्हणाले.

"जेवण जातंय ना?"

"हो, हो."

मग त्याने आवाज खाली आणला. एवढा खाली, की मी कुंपणाला कान लावला होता म्हणून मला ऐकू आलं. "परसातली जागा माझ्या शेडला दिलीस ना, दादा?"

भाऊजींनी मान वर केली, हसले. "हो, हो."

वहिनीने डोळ्यांना पदर लावला. पुढारी गुडघ्यावर हात टेकून उठायच्या बेतात. आणि मी कुंपणाला धरून मनात म्हटलं, मेल्या, आता तरी कानांचा उपयोग कर!

"हो, हो," भाऊजी पुढे म्हणाले, "शेंगा ने की. टोपलीभर ने. यंदा भरपूर आल्यात."

"शेंगा नाही, शेड! शेड! जागा हवी, जागा!"

"जागाच आहे मी. दुपारी झोपत नाही हल्ली."

गवंड्याने टेप गुंडाळायला घेतला. धाकट्याच्या कपाळावर घाम आला. त्याने आवाज चढवला, "अरे, बांधायचं आहे! इथे!"

"म्हैस? बांध की. अंगणात एक आहेच."

पलीकडच्या भिंतीवर एक डोकं उगवलं, मग त्याच्या शेजारी दुसरं. शिंपीण कापड टाकून आली, म्हशीचा मालकही आला. धाकट्याला ते दिसत होतं, पण आता त्याला थांबता येईना. तो उठून उभा राहिला आणि तोंडाचा कर्णा करून, नसा फुगेपर्यंत ओरडला, "वहिनीची सगळी बाग उपटून टाकून मला तिथे माझा ट्रक उभा करायचा आहे! फुकटात!"

भिंतीवरची डोकी एकमेकांकडे बघायला लागली. 'फुकटात' हा शब्द त्याला बोलायचा नव्हता, पण ओरडण्याच्या भरात पोटातलं ओठावर आलं होतं.

"असं होय," भाऊजींनी हातातली शेंग खाली ठेवली. "मग आधीच नीट सांगायचं. नाही."

तो शब्द त्यांच्या तोंडून गावाने पहिल्यांदा ऐकला.

"पण गिरणीत तू हो म्हणाला होतास!"

"गिरणीत मी सगळ्यांनाच हो म्हणतो. तिथे मला ऐकू येत नाही, हे तुला माहीत नव्हतं?"

पुढाऱ्यांना एकाएकी दुसरीकडे काम निघालं. गवंडी जाता जाता दोन काकड्या घेऊन गेला. धाकटा कुणाकडे न बघता चालता झाला, आणि भाऊजींनी त्याच्यामागे पोचवायला म्हणून खरंच टोपलीभर शेंगा माझ्या हातात दिल्या. मी त्या पोचवल्या नाहीत. चांगल्या कोवळ्या होत्या.

संध्याकाळी वहिनी बागेत आली, पण पाणी सोडेना. मी माझ्या वेलाशी खुडबूड करत होते. म्हणजे ऐकतच होते.

"कधीपासून ऐकू येतंय?" तिने विचारलं.

"मंगळवारपासून."

ती वाकून वाफ्यातलं तण उपटायला लागली. मंगळवारपासून काय काय बोललो त्याची उजळणी चालली असणार. मग हळू आवाजात म्हणाली, "गोठा पाडून बाग करू का, असं मी तुम्हाला गिरणीत विचारलं होतं. तेव्हा ऐकू आलं होतं?"

"नाही," भाऊजी म्हणाले. त्या दिवसातला त्यांचा हा दुसरा नकार.

"म्हणजे मीही त्याच्यासारखीच."

"गोठा पडलेला बघितला तेव्हा लागलं मला थोडं," ते म्हणाले. "बाबांनी बांधलेला होता. मग वाटलं, मी हो म्हटलं असणार."

वहिनी रडली. मला वाटलं होतं ती हसण्यावारी नेईल. नाक ओढत तिने झारी उचलली आणि त्यांच्यासमोर नीट उभी राहून म्हणाली, "मग आता विचारते. राहू दे का ही बाग?"

दुसरा एखादा पटकन हो म्हणाला असता. भाऊजींनी आधी तुतीकडे बघितलं, लिंबोणीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "पण गाणं बंद करायचं नाही."

तिने झारी त्यांच्या पायावरच रिकामी केली. मग वाफ्यांना पाणी सुटलं, आणि ते बेसूर गाणंही.

पुढच्या सोमवारी मोटर आली आणि गिरणी पुन्हा घरघरू लागली. सकाळीच ही मोठी रांग. सगळ्यांच्या हातात डबे होते आणि आठवडाभर तुंबलेल्या मागण्या पोटात होत्या. एकाला वाळू टाकायला अंगण हवं होतं, शिंपिणीला गच्चीवर दोरी हवी होती. मीही नंबर लावला. माझ्या वेलाचे शेंडे हवेत लोंबकळत होते. माणसाने गावकऱ्यांना नावं ठेवावीत, पण भोपळ्याला कशाला शिक्षा?

माझा नंबर आला. पट्टा झोकात फिरत होता. कालपर्यंत ज्यांचं गुपित मी जिवापाड जपलं, त्या भाऊजींच्या कानाशी वाकून मी आवाज अगदी खाली आणला. "भाऊजी, तुमच्या मागच्या भिंतीवर माझा वेल चढवते हं."

भाऊजींनी माझ्या तोंडाकडे बघितलं. हसले. हात वर नेला आणि खटका पाडला.

गिरणी घरघरत घरघरत थांबली. पीठ खाली बसलं. रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली, आणि माझ्यामागचा म्हशीचा मालक हळूच आपला डबा उचलून निघाला.

"हं," भाऊजी म्हणाले. "आता बोला."

"काही नाही," मी म्हटलं. "जरा बारीक दळा, एवढंच."

"हो, हो," ते म्हणाले, आणि त्यांनी खटका वर केला.