पेनड्राइव्हवरची रंगीत तालीम

भरतकामाचं मशीन ज्या कॉम्प्युटरवर चालायचं, तो हल्ली रडतखडत सुरू व्हायचा. नणंदेनं त्यात नवी सिस्टीम टाकायचं मनावर घेतलं, तशी वहिनी धास्तावली. तिची सगळी डिझाइनं त्यातच होती.

नणंदेनं आधी ती वेगळ्या डिस्कवर उतरवली, डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला लावली आणि म्हणाली, "वहिनी, तूच उघडून बघ." सगळी शाबूत होती.

"पण नवी सिस्टीम माझ्या मशीनला ओळखेल का गं?"

"मलाही तेच बघायचंय. आज नुसती पेनड्राइव्हवरून चालवू. मशीनचा प्रोग्रामही त्यात घातलाय. जुन्याला धक्का लागणार नाही."

वहिनीनं फ्रेममध्ये चिंधी ताणली, पानाचं डिझाइन निवडलं आणि बटण दाबलं. मशीन ढिम्म! नणंदेनं सेटिंगमध्ये शोधाशोध करून ते जोडलं, तशी सुई टकटक धावू लागली. चिंधीवर हुबेहूब पान उमटलं.

वहिनीनं खुर्ची पुढे ओढली. "आता टाक खुशाल. पण सावकाश हं, आत काय काय होतं ते मला बघायचंय."