खांद्यावरचा कॅमेरा

श्यामलाबाईंनी नवाकोरा कॅमेरा तळहातावर घेतला आणि दुकानाच्या टीव्हीवर समोरचं कपाट थरथरायला लागलं.

"आहे ना हलका?" सुदर्शन कौतुकाने म्हणाला. दुकान त्याचंच, शनिवार पेठेतल्या बोळातलं. "काकू, तुमच्या वयाला असाच हवा. पर्समध्ये टाका आणि निघा."

"माझ्या वयाचं मी बघते. हे चित्र का हलतंय ते सांग."

त्याने कुठलंसं बटण दाबलं. कपाट जरा शहाणं झालं, पण पुरतं गप्प काही बसेना. स्टुलावर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने, अनंतरावांनी, टीव्हीकडे एकदा बघितलं आणि लगेच चष्मा काढून पुसायला घेतला. श्यामलाबाईंना वाटलं, चला, यांचं लक्ष नव्हतं.

हात कापतो हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, काळजीचं काही नाही, पण हा कंप जायचाही नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंना फिल्मचं वेड लागलं. पहिली फिल्म त्यांनी फोनवर केली, सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवली. संपल्यावर सेक्रेटरी इंद्रजीत म्हणाला, "पिक्चर झकास हो, पण शूटिंग भूकंपात केलंत का?" सगळा हॉल हसला. बाईही हसल्या. घरी येऊन मात्र फोन खणात टाकला तो कितीतरी दिवस बाहेर काढला नाही. आता कात्रजच्या आनंदीबाईंवर फिल्म करायची होती. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवणारी ती बाई 'रविवारी या' म्हणाली होती. याही वेळी हॉल हसला तर पुन्हा कॅमेरा हातात धरायची हिंमत आपल्याला होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"स्टँड देऊ का?" सुदर्शनने विचारलं.

"आनंदीबाई एका जागी बसतील तर ना! घरभर साड्या पसरतात, त्यांच्या मागे मागे हिंडायचंय मला."

सुदर्शनने थर्मासमधून तीन ग्लास चहा ओतला आणि ते काउंटरवर ठेवले. बाईंची नजर कोपऱ्यातल्या एका जुन्या धूडावर गेली. खांद्यावर घ्यायचा कॅमेरा, कडेचा रंग उडालेला.

"तो कुणाचा?"

"लग्नं शूट करायचे एकजण, त्यांचा. चालतो उत्तम, पण काकू, जड आहे हो. तुम्हाला कुठे झेपणार?"

"वापरलेली वस्तू म्हणजे दुसऱ्याची कटकट विकत आणायची," अनंतराव स्टुलावरून म्हणाले. "नवीन घे."

बाईंना एकदम खलबत्ता आठवला. रिकामी कपबशी हातात वाजायची, पण लोखंडी बत्ता धरला की हात कसा मुकाट्याने कामाला लागायचा! अगंबाई, आणि आपण मात्र जो तो सांगेल तसा हलक्यातला हलका शोधत बसलो.

"दे तो इकडे."

सुदर्शनने वायर जोडली आणि धूड त्यांच्या खांद्यावर ठेवलं. बाई किंचित वाकल्या, मग कोपर पोटाशी घट्ट धरून उभ्या राहिल्या. भिंगातून बघितलं. कपाट जागच्या जागी. काउंटर जागच्या जागी. त्यांनी श्वास रोखला, मग सोडून बघितला. तरी हललं नाही.

काउंटरपाशी अनंतराव येऊन उभे होते. बायको भिंगात गुंतली आहे असं बघून त्यांनी तिचा ग्लास उचलला, त्यातला अर्धा चहा आपल्या रिकाम्या ग्लासात ओतला आणि अर्धा ग्लास तिच्या बाजूला सरकवला. सवयीचं काम असावं तसं.

घरीसुद्धा कित्येक महिने कप अर्धाच येत होता. बाई त्याला चिक्कूपणा समजत होत्या. दोनदा तर तोंडावर बोलूनही झालं होतं.

अनंतराव वळले आणि टीव्हीत स्वतःला बघून थबकले.

"कधीपासून?" कॅमेऱ्यामागून बाईंनी विचारलं.

"गणपतीपासून." त्यांनी घसा खाकरला. "बशीत सांडायचीस. दूध काय फुकट येतं?"

"मला का नाही बोललात?"

"तू कुठे बोललीस?"

सुदर्शन उगाचच वायरींची गुंडाळी करत बसला. बाईंना भिंगातलं धूसर दिसायला लागलं. टीव्हीवर मात्र अनंतराव स्वच्छ दिसत होते, आणि ग्लासातला चहासुद्धा हलत नव्हता. अनंतरावांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहून घेतलं, टीव्हीच्या जवळ जाऊन.

"हाच बांध रे," ते सुदर्शनला म्हणाले. "पट्टा मजबूत दे. रविवारी कात्रजपर्यंत हे ओझं मलाच वाहायचंय."

आणि ते बाजूला व्हायला लागले.

"अहो, तिथेच थांबा."

"मी कशाला? काहीतरी चांगलं काढ."

"काढतेय की," बाई म्हणाल्या.