बिनआवाजाची मोटर

आमच्या होडीत बोलायची सोयच नव्हती. मागच्या फळीला लावलेलं पेट्रोलचं इंजिन एकदा सुरू झालं की शेजारी कुणी पत्रे बडवले तरी कळू नये, असा त्याचा आवाज. त्यामुळे लग्नानंतर मी पहिल्यांदा होडीत बसले तेव्हाच आमच्या ह्यांनी खुणा ठरवून टाकल्या. हे मागे, इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून. मी पुढे टोकाला, त्यांच्याकडे पाठ करून. धरणाच्या पाण्यात जुन्या झाडांचे खुंट बुडालेले आहेत, ते बघायचं काम माझं. उजवा हात बाहेर काढला की उजवीकडे खुंट, डावा काढला की डावीकडे. तळहात खाली दाबला की हळू. आणि हात वर करून बोटं पुढे हलवली की वाट मोकळी आहे, चला. एवढ्या भांडवलावर आमचा पाण्यावरचा संसार चालला, आणि खरं सांगायचं तर घरातल्यापेक्षा बरा चालला. घरी बोलता येतं, म्हणून भांडणं होतात.

कधी मी मान वळवून मागे बघितलं तर ह्यांचे ओठ हलताना दिसायचे. काय म्हणताय, असं हातानंच विचारलं की नुसती मान हलवायचे. काठाला लागल्यावर पुन्हा विचारलं तर म्हणायचे, गाणं म्हणत होतो. ह्यांचा गळा असा की लेक लहान असताना ह्यांनी अंगाई म्हटली की झोपलेली पोर उठून बसायची. तेव्हा मनातल्या मनात इंजिनाचे आभार मानून मी विषय सोडून देत असे.

हे टेलर आहेत; होडी ही नुसती सकाळच्या फेरीची हौस. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. धंद्यातला एक नेम ते कसोशीनं पाळतात: गिऱ्हाइकाचं पोट सुटलं असं कधी म्हणायचं नाही. तंग झालेली पँट घेऊन माणूस आला की हे कमरेला टेप लावतात, आकडा स्वतःशीच पुटपुटतात आणि म्हणतात, हे कापड जरा आटतंच. मग आत दुमडून ठेवलेलं कापड उसवून पँट सैल करून देतात. माणूस खुशीत जातो. गिऱ्हाइकासाठी ही रीत चांगलीच आहे. पण सख्ख्या बायकोशीही तसंच वागायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं.

कारण ह्यांचा उजवा खांदा गेला, आणि ते मला ह्यांनी नाही, कपड्यांच्या दांडीनं सांगितलं. शिवलेले शर्ट टांगायची दांडी एक दिवस वीतभर खाली आली. म्हणाले, तुला सोपं पडावं म्हणून. मला ती आधीही सोपीच पडत होती. मग जड इस्त्री डाव्या हातात गेली. मग एकदा गुंड्या आणायला म्हणून बाहेर पडले आणि अख्खी सकाळ घालवून रिकाम्या हातानं परत आले. दुकान बंद होतं म्हणे. मी बरंच तोंडसुख घेतलं, ह्यांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

पण खरी अडचण होती इंजिनाच्या दोरीची. ती एका झटक्यात छातीपर्यंत ओढावी लागते, तेव्हा कुठे इंजिन जागं होतं. हे दोरी धरायचे, खांदा मध्येच अडायचा, चेहरा पिळवटायचा. आणि तोंडातून काय निघायचं, तर कार्बोरेटरमध्ये कचरा अडकलाय. मग झाकण उघडून उगीच खुडबुड करायची. मी म्हणायची, बघू, मी ओढून बघते. मी ओढली की इंजिन सुरू. "बघ, कचरा निघाला," हे म्हणायचे, आणि मीही मान डोलवायची. कापड आटलं, दुसरं काय.

हा खेळ लेकीनं बघितला. ती चार दिवस राहायला आली होती, एका सकाळी काठावर आमच्याबरोबर आली आणि घरी परतल्यावर तिनं वडिलांना सांगितलं, होडी विकून टाका. भर पाण्यात इंजिन बंद पडलं आणि वारा सुटला तर काय करणार, तिनं विचारलं. पाणी उतरायच्या आत गिऱ्हाईक शोधते म्हणाली. तिचं चुकत होतं असं नाही. हे भांडले असते तर मी निश्चिंत झाले असते, पण हे नुसतेच सुईत दोरा ओवत बसले. होडी गेली तर हे दुकानाच्या खिडकीतून रस्ता बघत बसतील आणि मी त्यांना बघत बसेन, हे मला लख्ख दिसलं. होडी राहायला हवी होती, आणि तीही ह्यांचा मान ठेवून.

विजेवरची मोटर मी काठावरच पाहिली होती, गळ टाकायला येणाऱ्या एकाच्या होडीला. तिला दोरीच नसते. बटण दाबायचं, दांडा पिळायचा, निघायचं. पण हे सुचवायचं कसं? खांद्याचं नाव काढलं असतं तर हे म्हणाले असते, कुठला खांदा? म्हणून मी सगळं माझ्या डोक्यावर घेतलं. म्हटलं, त्या इंजिनाच्या आवाजानं माझं डोकं ठणकतं, कान दिवसभर वाजत राहतात. इतकी वर्षं नाही ठणकलं ते, ह्यांनी विचारलं. साठत जातं, मी म्हटलं.

ह्यांनी नाक मुरडलं. बॅटरीवरची मोटर म्हणजे मिक्सर, असं त्यांचं मत. तरी दुसऱ्या दिवशी होडीच्या मागच्या फळीचं माप घेऊन आले आणि टेप गळ्यात तसाच ठेवून माझ्याबरोबर मोटरींच्या दुकानात निघाले.

दुकानात दोन मोटरी समोर आल्या. एक मोठी, काळीभोर, रुबाबदार. पण एकसंध आणि इतकी जड की दुकानदारानं ती जागेवरूनच दाखवली. दुसरी छोटी. तिची बॅटरी वरून काढता येत होती, म्हणजे मोटर एका हातात, बॅटरी दुसऱ्या हातात. घरी आणून बॅटरी चार्जिंगला लावायची. दुकानदारानं छोटी मोटर पाण्याच्या टाकीला अडकवली आणि ह्यांना दांडा पिळायला सांगितलं. ह्यांनी पिळला आणि वाट बघत उभे राहिले. चालू कधी होते, त्यांनी विचारलं. दुकानदारानं खाली बोट दाखवलं. टाकीतलं पाणी घुसळून काठावरून सांडत होतं आणि ह्यांच्या चपला भिजल्या होत्या.

मग मोटरीच्या पाण्यात उतरणाऱ्या खालच्या दांड्याच्या लांबीवरून घोळ झाला. पंखा फळीच्या खाली नीट बुडायला हवा, पण फार खोल जाऊनही चालत नाही, खुंटाला लागतो. दुकानदाराकडे लांब दांड्याची मोटर तयार होती, आखूड दांड्याची मागवावी लागणार होती, म्हणून तो लांबच घ्या म्हणत होता. ह्यांनी टेप उलगडला. "उंच माणसाची पँट बुटक्याला दिली तर ती पायघोळ होऊन चिखलातून जाणार," ते म्हणाले. दुकानदार हसला आणि आखूड मागवायला तयार झाला.

आता सुटलो, असं मला वाटलं, तर ह्यांचा हात मोठ्या मोटरीवर गेला. येताना वारा समोरून असतो, म्हणाले, घ्यायची तर दणदणीत घ्यावी. दुकानदारानं समजावलं की छोटीही वाऱ्याला पुरते, फक्त सावकाश नेते. जोरात पळवली तर बॅटरी लवकर संपते, अर्ध्या वेगानं नेली तर सबंध तलाव हिंडून आणते, आणि अजून किती लांब जाता येईल ते पडद्यावर दिसतं. हे ऐकत होते, पण हात काळ्या मोटरीवरून हलत नव्हता.

"काका, रोज काठापर्यंत उचलून नेणार कोण?" दुकानदारानं विचारलं.

हे म्हणणार 'मी', मग लगेच ती उचलून दाखवणार, आणि भर दुकानात खांदा अडकणार. मी घाईनं मध्ये पडले.

"मी उचलणार. माझ्या डोकेदुखीसाठी घेतोय ना? मग मला झेपेल अशीच हवी."

हे माझ्याकडे बघत राहिले. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावल्यावर आकडा बघतात ना, तसंच. मग दुकानदाराला म्हणाले, "हिला झेपेल तीच द्या."

मोटर आली. ह्यांनीच ती फळीला बसवली, डाव्या हातानं स्क्रू पिळून. जुनं इंजिन ताडपत्रीखाली मागच्या अंगणात गेलं. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, एक फेरी नीट करून दाखवा, मग मी होडीचं नाव काढणार नाही.

आम्ही सकाळी निघालो. वारा पडलेला होता. बॅटरी मी नेली, मोटर ह्यांनी डाव्या हातात. मी पुढे जाऊन बसले, हे मागे. बटण दाबल्याची बारीकशी टिकटिक आली, आणि काठ आपोआप मागे सरकायला लागला. मला चुकल्यासारखं झालं. होडीला पाणी लागताना आवाज येतो, हे मला ठाऊकच नव्हतं. काठावर कुणीतरी कपडे आपटत होतं, तेही ऐकू येत होतं. जुने खुंट एकेक करून येत होते, माझा हात सवयीनं बाहेर निघत होता आणि होडी सवयीनं वळत होती.

खुंटांची दाटी संपत आली तेव्हा मागून आवाज आला.

"हा खांदा काही आता बरा व्हायचा नाही."

इंजिनाच्या वर आवाज काढावा तसे मोठ्यानं बोलले. गळ टाकून बसलेल्या माणसानं मान वर केली. मी वळणार होते. पण ते उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाचं बोलणं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाला, आहे एवढाच राहील. त्या दिवशी गुंड्या आणायला नव्हतो गेलो मी. दवाखान्याबाहेर बाकावर बसून राहिलो. घरी येऊन तुला काय सांगायचं, ते सुचेना. तू दोरी ओढायचीस तेव्हा मला वाईट नव्हतं वाटत गं. बरं वाटायचं. पण खांद्याचं तुला सांगितलं तर तू काळजी करत बसशील, आणि आधी होडीच विकायला काढशील."

गाणं कधी नव्हतंच. इतकी वर्षं हा माणूस माझ्या पाठीशी बोलत होता. घरी जे पोटात ठेवायचा ते सगळं इथे येऊन मला सांगायचा, रोज, आणि मला ऐकू येणार नाही याची खात्री करून सांगायचा. आजही तीच जागा, तीच माझी पाठ, हातात तसाच दांडा, आणि सवयीनं त्यांचं तोंड उघडलं होतं. मला संताप आला. काय काय सांगितलं असेल, कधी कधी सांगितलं असेल, आणि त्यातलं एक अक्षर माझ्या वाट्याला आलं नाही. मग डोळे इतके भरून आले की समोरचं पाणी दिसेना.

तेवढ्यात होडी खर्रकन घासली. बुडालेला खुंट. मोटर एकदा उसळून खाली आली आणि ह्यांनी दांडा सोडला. सगळं थांबलं.

"दिसला नाही तुला?"

"नाही."

माझ्याकडून आजवर एकही खुंट सुटला नव्हता, हे ह्यांना माहीत आहे. त्यांनी डाव्या हातानं मोटर उचलून पंखा बघितला, पुन्हा पाण्यात सोडली. मग त्यांनी अगदी हळू विचारलं.

"ऐकू येत होतं का गं?"

वळले असते तर त्यांनी माझा चेहरा बघितला असता, मी त्यांचा, आणि लगेच कुठलं तरी कापड आटलं असतं. म्हणून मी वळले नाही.

"येतंय," मी म्हटलं.

मग हात वर केला आणि बोटं पुढे हलवली. वाट मोकळी आहे, चला.

होडी पुन्हा सरकायला लागली. मागे ह्यांनी घसा खाकरला, आणि या वेळी न ओरडता, माझ्याशी बोलावं तसं, पुढचं सांगायला सुरुवात केली.