मटक्याची कावीळ

राऊ गावात हरी महाराजांच्या अंगणात सकाळपासून गर्दी होती. पिवळ्या डोळ्यांची माणसं डोक्यावर काड्यांची माळ बसवून घरी जायची आणि काही दिवसांनी तीच माळ पोटापर्यंत लोंबत घेऊन परत यायची. माळ वाढली म्हणजे कावीळ उतरली, असा तिथला हिशेब. नानांची तर बेंबीपर्यंत आली होती. महाराजांनी त्यांना कौतुकाने ओट्यावर उभं केलं.

"देखो भिया, माला बढ़ी, पीलिया उतरा. अब बीमारी आँत में आ गई. मतलब क्या? बाहर निकल रही है. चाकू लगाओगे तो वापस ऊपर चढ़ेगी."

लोकांनी हात जोडले. नानांची मुलगी शलाका गाडीच्या किल्लीशी चाळा करत उभी राहिली. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. आदल्याच दिवशी डॉक्टर अमिता यांनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं होतं. नानांना पित्तनलिकेचा कॅन्सर होता. नलिका दबून कावीळ झाली. आत बारीक नळी बसवल्यावर पित्त वाहू लागलं आणि पिवळेपणा गेला. आता तोच कॅन्सर मोठ्या आतड्यात सापडला होता.

"असं फार क्वचित होतं," डॉक्टर म्हणाल्या होत्या, "पण पेशी त्याच निघाल्या. आतडं जवळजवळ बंद झालंय. उद्या संध्याकाळपर्यंत ॲडमिट व्हा, नाहीतर ते फुटू शकतं."

डॉक्टर ज्याला पसरणं म्हणत होत्या, त्याला महाराज उतरणं म्हणत होते. नानांना कोणता शब्द गोड लागला, हे सांगायला नको.

अन्नपूर्णा भागातल्या घरी येताच ते फुगलेलं पोट धरून दिवाणावर आडवे झाले. "तू बहस नको करू, शलाका. बीमारी आपोआप निघते आहे, तर ऑपरेशन कशाला?"

"पाणी आणते," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात ती मटक्यापाशी थबकली. महाराजांनी पहिल्या दिवशी तिलाही रक्षणासाठी एक माळ दिली होती. तिने ती मटक्याच्या गळ्यात अडकवली आणि विसरून गेली. तेव्हा घट्ट बसलेली ती माळ आता मटक्याच्या पोटावरून घसरून ओट्यावर पडली होती.

ती माळ घेऊन ती दिवाणाच्या कडेला बसली. "हे बघा. काड्या ओल्या असताना प्रत्येकीभोवती दोरा गुंडाळून फास टाकलाय. काडी वाळून बारीक झाली की फास सैल पडतो, आतला दोरा सुटतो आणि माळ वाढते. नाना, मटक्याला कावीळ झाली होती का?"

नाना बराच वेळ काड्या चाचपत राहिले. "मग माझा पिवळेपणा?"

"नळीने गेला. माळ त्याच आठवड्यात घातली, एवढंच."

"ऑपरेशनने बरा होईन मी?"

त्या क्षणी तिला महाराजांचा हेवा वाटला. त्यांना या प्रश्नाचं उत्तर किती सोपं होतं.

"नाही, नाना. पण पोट मोकळं होईल, दोन घास जेवता येतील. पुढे औषधांचं बघू."

"महाराज तर पूर्ण बरा करणार होते."

"मटक्यालाही."

नानांना हसू आलं आणि दुखलंही. त्यांनी गळ्यातली माळ काढली.

"गाडी काढ," ते म्हणाले. "आणि मटक्याची माळ पर्समध्ये टाक. वॉर्डात कुणी ना कुणी अशी माळ घालून बसलेलं असेलच. त्याला सांगू, बाबा रे, आधी मटक्याला घालून बघ, मग विश्वास ठेव. आणि तोवर डॉक्टरला सोडू नको."