तुम्ही व्हा पुढे

आमच्या घरी लिहिणं हा बसण्याचाच एक प्रकार समजला जातो. मी वही उघडली की आई म्हणते, रिकामाच बसलायस तर पडदे काढून दे. बाबा निवृत्त झाल्यापासून चालू असलेली यंत्रं दुरुस्त करतात आणि त्यांना टॉर्च धरायला कुणीतरी लागतं. अशा वातावरणात तीन वर्षांत माझ्या कादंबरीची दोन प्रकरणं झाली, आणि दोन्हींत नायक नुसता टॉर्च धरून उभा आहे.

बाहेर जागा शोधली. बागेत एक आजोबा शेजारी येऊन बसले आणि यातून मिळतं काय, ते समजून घ्यायला रोज येऊ लागले. वाचनालयात एक गृहस्थ इतके तालात घोरायचे, की माझी सगळी वाक्यं सारख्या लांबीची व्हायला लागली.

मग ताईची दाढ दुखली. मी सोबत गेलो. ती चाळीस मिनिटं आत होती आणि तेवढ्यात माझी चार पानं झाली. ती गाल धरून बाहेर आल्यावर मी आशेनं विचारलं, अजून एखादी दुखतेय का. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं हात वापरला.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. दाताच्या दवाखान्यासारखी जागा नाही. सगळ्यांचीच तोंडं दुखत असतात, त्यामुळे कुणी बोलत नाही. शिवाय आतून त्या यंत्राचा आवाज आला, की आपण लिहिलेलं वाक्य त्या मानानं बरं वाटतं. नंबर देणाऱ्या बाईंनी काय होतंय विचारलं, तर मी अक्कलदाढ म्हणून सांगितलं. ती खरंच अधूनमधून ठणकायची. माझा नंबर पुकारला की मी शेजारच्याला म्हणायचो, "तुम्ही व्हा पुढे." दवाखान्यात मी देवमाणूस ठरलो. घाबरलेले पेशंट विचारायचे, दुखतं का हो? अजिबात नाही, असं मी सांगायचो, कधीच आत न गेलेल्या माणसाच्या आत्मविश्वासानं. लोक दारातून पळून जायचे, ते थांबले. बाईंनी माझ्या खुर्चीवर उशी ठेवली.

दोन महिन्यांत नऊ प्रकरणं झाली. राहिलं फक्त शेवटचं. ते शुक्रवारपर्यंत आलं नाही तर पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल, असं प्रकाशक बाईंनी बजावलं होतं.

त्या सोमवारी एक काका आले. हयात आगीच्या बंबावर काढलेली, दरवाजाएवढा देह, आणि एक गाल पाव फुगावा तसा फुगलेला. आठ दिवस नुसतं पातळ गिळतायत, असं सोबतच्या काकूंनी सांगितलं. काकांनी मला नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. ते आतल्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मंगळवारी, बुधवारी तेच.

गुरुवारी ते माझ्या शेजारी बसले आणि शांतपणे म्हणाले, "तुझी कोणती काढली?"

मी वहीत बघितलं.

"पोरा, आत गेलायस का कधी?"

बाईंचं पेन थांबलं. सगळे फुगलेले गाल माझ्याकडे वळले. माझं दीड पान राहिलं होतं. खोटं बोललो असतो तर ते तिथेच बसून पूर्ण झालं असतं.

"नाही," मी म्हणालो.

आता इथूनही गच्छंती, असं मी धरून चाललो. पण काका रागावले नाहीत. उलट त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. "आमच्या कामात एक नियम होता," ते म्हणाले. "धुरात एकट्यानं शिरायचं नाही. एक पुढे, दुसरा त्याचा पट्टा धरून मागे. चल. तू पुढे हो."

मी त्यांना कादंबरीचं सांगितलं, शुक्रवारचं सांगितलं.

"आधी यांचा गाल बघ," काकू म्हणाल्या, "आणि मग शुक्रवार सांग."

आम्ही आत गेलो. पुढे मी, माझा पट्टा धरून काका, त्यांची पिशवी धरून काकू. डॉक्टरांनी यात पेशंट कोण ते विचारलं. काका म्हणाले, आळीपाळीनं.

माझी अक्कलदाढ खरोखरच किडली होती. डॉक्टर म्हणाले, हा दोन महिन्यांपूर्वीच यायला हवा होता. बाहेरून बाईंचा आवाज आला, "आलाच होता."

दुखलं. पण काकांनी पट्टा सोडला नाही. मी उठलो तेव्हा माझ्या तोंडात कापूस होता आणि खुर्ची रिकामी होती. काकांनी विचारलं, दुखलं का? या वेळी मी मान हलवली. हो. मग दोन बोटांत अंतर धरून दाखवलं, किती ते. काकांनी ते अंतर नीट बघितलं, आग किती मोठी आहे हे बघावं तसं.

"एवढंच ना," म्हणाले, आणि खुर्चीत आडवे झाले.

आडव्या माणसाला पट्टा धरता येत नाही, म्हणून त्यांनी मला शेजारच्या स्टुलावर बसवून माझा डावा हात धरला. उजवा मोकळा होता. काकूंनी बाहेरून माझी वही आणली आणि माझ्या गुडघ्यावर उघडून ठेवली. "लिही," त्या म्हणाल्या. "आम्ही कुठे बोलतोय."

यंत्र सुरू झालं. अकरा प्रकरणं दारात घुटमळलेला माझा नायक टॉर्च घेऊन आत शिरला, आणि मागून कुणीतरी त्याचा पट्टा धरला. तेवढंच राहिलं होतं.

त्या दीड पानात तीन ठिकाणी अक्षर एकदम वाकडं होऊन ओळीबाहेर गेलंय. शुक्रवारी प्रकाशक बाईंनी त्यावर बोट ठेवून विचारलं, इथे काय झालं? मला अजून नीट बोलता येत नव्हतं. मी दोन बोटांनी दाखवलं, एवढंसं.