दूरचा हात

सव्वीस वर्षं मी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये लोकांना गाडी शिकवली. माझा पहिला धडा गाडी चालवण्याचा नाही, गाडीतून उतरण्याचा. दार जवळच्या हातानं उघडायचं नाही, दूरच्या हातानं उघडायचं. म्हणजे अंग वळतं, मान वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. आमच्याकडे चालक डावीकडे बसतो, तेव्हा जवळचा हात डावा. कोणी डावा हात घातला की पाच वेळा चढायला-उतरायला लावायचो. शिष्य मला मनातून शिव्या देत असणार.

आणि ऑक्टोबरात मीच डाव्या हातानं दार उघडलं. उजव्या हातात गरम अंड्याचा वडा होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! गेसिना नावाची एक बाई सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यातून आपली सरळ येत होती. ती दारावर आदळली आणि तिसऱ्या दिवशी गेली.

पोलिसांना मी सांगितलं, आरशात पाहिलं होतं, बाई एकदम आली. आमच्याकडे सायकलवाल्याला लागलं की कायद्यानं जबाबदारी गाडीवाल्यावरच, त्यामुळे उलट सगळे माझीच समजूत घालत. कायद्यानं तुझ्यावर आलं, हार्मेन, पण खरी चूक तुझी नाही, म्हणत. मी मान हलवायचो.

तेव्हापासून गाडीच्या दाराला हात लावला की डाव्या कानामागे सायकलची घंटी वाजते. वळून पाहावं तर पट्टा रिकामा. मला भीती वाटते. दहा-दहा मिनिटं मी गाडीत बसून राहतो.

जूनमध्ये गेसिनाचा नवरा बेरेंड बाजारात भेटला आणि कॉफीला घरी घेऊन गेला. त्यानं तीन कप भरले. तिसरा रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "चूक हिचीच. शंभरदा सांगितलं होतं, गाड्यांना चिकटून जाऊ नकोस. रोज सकाळी बोलतो मी हिला. राग जातच नाही बघ."

घंटी वाजली. तिथे, त्या स्वयंपाकघरात, अगदी जवळ.

"बेरेंड, मी पाहिलंच नव्हतं," मी म्हणालो. "आरशात नाही, मागे नाही. डाव्या हातानं दार उघडलं. पोलिसांशी खोटं बोललो."

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं.

"म्हणजे तिनं काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही."

"आठ महिने बोलणी खाल्ली तिनं माझी," तो म्हणाला. मग खुर्ची तिच्या बाजूला वळवून बसला. "तू जा आता. मला हिची माफी मागायचीय, आणि ती तुझ्यासमोर नको."