शेवटच्या बाकापर्यंत

"मॅडम, आत्ता आयका," असं म्हणत धर्मपालने लॅपटॉपचा आवाज शंभरावर नेला. सीमाताईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. समोरच्या रसवंतीवाल्याने वळून पाहिलं. पहिलीच्या पोरांच्या कवितेतली चिमणी अशी किंचाळत होती, की तिची पार घार झाली होती.

"अजून कमीच हाये ना?" धर्मपालने विचारलं.

राजकमल चौकामागच्या गल्लीत धर्मपाल बत्तीस वर्षं दुरुस्ती करत बसला आहे. आधी रेडिओ, मग टेप, आता लॅपटॉप. थेट परतवाड्याहून लोक पिशवीत रेडिओ घालून यायचे आणि हा पठ्ठ्या मशीन न उघडता, नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचा. गिऱ्हाईक दुकानाची पाटी पाहून नाही, त्याच्या कानाच्या भरवशावर यायचं.

सीमाताई महापालिकेच्या शाळेत शिकवतात. त्यांचा लॅपटॉप अकरा वर्षांचा, आतले स्पीकर काडेपेटीहून लहान. कविता शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, एवढीच तक्रार. वर्गात प्लग एकच आणि तो लॅपटॉपलाच लागतो, म्हणून बाहेरचा स्पीकर जमत नव्हता.

धर्मपालने काम मन लावून केलं. एका बंद पडलेल्या मोठ्या लॅपटॉपचे स्पीकर काढले, ते बसावेत म्हणून आतली प्लॅस्टिकची पट्टी कापली, कडेने फोम चिकटवला. सोमवारी लावले, तर त्याला आवाज कमी वाटला. बुधवारी दुसरे लावले, तेही कमी. आज शुक्रवार, तिसरी जोडी. गेल्या सहा महिन्यांत जगातल्या सगळ्या स्पीकरांची तब्येत बिघडली आहे, असं त्याचं ठाम मत होतं. घरच्या टीव्हीचा आवाज बसला होता, फोनचा बसला होता, आणि बायको भावना तर हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती.

"भाऊ, आवाज फाटून राहिला," सीमाताई म्हणाल्या. त्यांचा शाळेतला आवाज खणखणीत. "सोमवारचेच बरे होते."

"तुमाले त्यातलं समजत नाई, मॅडम!" धर्मपाल तडकला. त्याने बटण दाबून लॅपटॉप बंद केला आणि ड्रॉवरमध्ये स्क्रू ड्रायव्हर शोधू लागला.

सीमाताई रागावल्या नाहीत. एखादं पोरगं उत्तर देत नसेल, तर त्याच्यावर ओरडण्याआधी मागे उभं राहून एकदा हळूच नाव घ्यायचं, ही त्यांची वर्गातली जुनी रीत. त्या उठल्या आणि धर्मपालच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

धर्मपालने मान वर केली. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यात त्याला सीमाताई दिसल्या. त्यांचे ओठ हलत होते. धर्मपालभाऊ. थांबून पुन्हा, धर्मपालभाऊ. कानात काहीच येत नव्हतं.

त्याला भीती वाटली, सरळ भीती. मग तो हळूच मागे वळला.

"कितीदा हाक मारली?"

"चारदा."

"लय हळू मारली असन."

"हळूच मारली भाऊ. पण समोरच्या रसवंतीवाल्यालेही आयकू गेली, तो पाहून राहिला ना."

"माहा कान गेला, तर दुकान गेलं मॅडम. मले दुसरं येते काय?"

सीमाताई परत स्टुलावर येऊन बसल्या. "माह्या वर्गात एक पोरगी हाये, कमी आयकू येते तिले. पुढच्या बाकावर बसवली. पयला नंबर वगैरे काई नाई आला तिचा. पण आता उत्तर देते."

धर्मपालने डब्यातून सोमवारचे स्पीकर काढले आणि परत बसवले. "कुठं फाटते, ते तुमी सांगा," तो म्हणाला. स्पीकरवर बोट टेकवून तो आवाज वाढवत गेला. सीमाताईंनी हात वर केला, तिथे थांबला. बोटाखाली चिमणी थरथरत होती. ती आता चिमणीच आहे, असं सीमाताईंनी सांगितलं आणि त्याने ते मान्य केलं.

त्या गेल्यावर त्याने गिऱ्हाइकाचा स्टूल, इतकी वर्षं टेबलाच्या बाजूला असलेला, उचलून आपल्यासमोर ठेवला.

दुपारी भावना डबा घेऊन आली आणि नेहमीसारखी बाजूला उभी राहून काहीतरी बोलली.

"समोर बस," धर्मपाल म्हणाला. "मले कमी आयकू येते."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग बसली, मांडीवर डबा उघडला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा आवाज न चढवता तिने विचारलं, "भाजी वाढू काय?"

तो तिच्या ओठांकडे पाहत होता.

"वाढ," तो म्हणाला.